खालचा आंकडा

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. पत्र बरेंच लांब असून त्यांत घरांतील वादाची हकीकत सविस्तर दिली आहे. ती वगळून मतलबाचा भाग तेवढा येथें देतों. बाईंचे मामंजी ६८ वर्षांचे आहेत. अंगानें सडपातळ, व्यसन कसलेंहि नाहीं, सकाळीं पूजा आटोपली कीं टेकडीपर्यंत फिरून येण्याचा नेम. गेलीं बारा-तेरा वर्षें त्यांस 'थोडी साखर' आहे. म्हणजे तपासणीच्या कागदावरील आंकडा कधीं सीमेच्या आंत, तर कधीं किंचित् बाहेर. पूर्वीं त्यांचा रक्तदाब १४०/८८ च्या आसपास असे. आतां कसलेंहि औषध चालू नसतांना तो १५८/६८ भरतो. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, वरचा आंकडा वयानें थोडा चढावयाचाच. खालचा उतरला ही चांगलीच गोष्ट झाली. थोरले दीर तर म्हणतात, "खालचाच आंकडा खरा." डॉक्टरांनीं मात्र कागद पाहून कपाळास आठी घातली. बाई विचारतात, "यांत काळजी करण्यासारखें काय आहे? आणि याचा साखरेशीं कांहीं संबंध आहे काय?"

दोन्ही प्रश्न फार चांगले आहेत, आणि ते बहुतेक घरांत विचारलेच जात नाहींत, म्हणून त्यांस येथेंच उत्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मनुष्याचें हृदय विश्रांतीच्या वेळीं मिनिटास सुमारें ७० वेळां आकुंचन पावतें, आणि प्रत्येक वेळीं साधारणतः ७० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप भरेल इतकें, रक्त महाधमनींत लोटतें. रक्त असें धक्क्याधक्क्यानें बाहेर पडत असतां अवयवांतील अतिसूक्ष्म वाहिन्यांत मात्र तें जवळजवळ अखंड धारेनें वाहतें, हें कसें? याचें उत्तर स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १७३३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दिलें आहे. घोडीच्या धमनींत नळी बसवून रक्त किती उंच चढतें हें प्रथम मोजणारा तो हाच. त्या काळीं आग विझविण्याच्या बंबांत हवेनें भरलेली एक कोठी असे. दांडा दाबला कीं पाणी कोठींत शिरून आंतील हवा दबे, आणि दांडा वर उचलला असतांहि ती दबलेली हवा पाण्यास पुढें रेटीत राही. त्यामुळें नळीच्या तोंडची धार तुटत नसे. महाधमनीची लवचिक भिंत हेंच काम करिते. हृदयानें लोटलेल्या रक्ताचा बराचसा भाग ती फुगून आपल्या पोटांत ठेवून घेते, आणि हृदय विसांवा घेत असतां आकसून तो पुढें सोडते. १८९९ सालीं ओटो फ्रांक या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें या कल्पनेस गणिताचें रूप दिलें.

रक्तदाबाचे दोन आंकडे म्हणजे याच खेळाचीं दोन टोकें होत. हृदयानें रक्त लोटलें म्हणजे दाब ज्या शिखरास पोहोंचतो तो वरचा. पुढचा ठोका पडण्यापूर्वीं तो जेथवर उतरतो तो खालचा. आतां भिंत ताठ झाली अशी कल्पना करावी. लोटलेल्या रक्तास ती जागा करून देत नाहीं, म्हणून वरचा आंकडा चढतो. तिनें पोटांत कांहीं ठेवूनच घेतलें नाहीं, म्हणून विसांव्याच्या काळांत पुढें सोडावयास तिजजवळ फारसें नसतें, आणि खालचा आंकडा घसरतो. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथें १९४८ सालीं सुरू झालेल्या प्रसिद्ध पाहणींत हेंच आढळून आलें. पन्नाशी-साठीपर्यंत दोन्ही आंकडे बरोबरीनें चढतात. पुढें वरचा चढतच राहतो आणि खालचा उतरूं लागतो. पत्रांतील मामंजींच्या दोन आंकड्यांमधील अंतर पूर्वीं ५२ होतें; आतां तें ९० आहे. डॉक्टरांच्या कपाळावरील आठी या ९० साठीं होती, हें आतां वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

खालचा आंकडा असा आपोआप उतरला तर नुकसान कोणतें? पहिलें हृदयाचेंच. हृदयाच्या स्नायूस स्वतःपुरतें लागणारें रक्त मुख्यतः त्याच्या विसांव्याच्या काळांत मिळतें, आणि त्या वेळचा दाब म्हणजेच खालचा आंकडा. चढलेल्या वरच्या दाबाशीं झुंजावयाचें म्हणून काम वाढतें, आणि नेमका त्याच वेळीं शिधा कमी पडतो. दुसरें नुकसान मेंदूचें व मूत्रपिंडांचें. या अवयवांत रक्त विपुल व फारशा अडथळ्यावांचून शिरतें. त्यामुळें महाधमनीनें न शोषलेला धक्का थेट तेथील बारीक वाहिन्यांवर जाऊन आदळतो, दिवसास एक लक्ष वेळां. म्हातारपणीं स्मरण मंदावणें किंवा लघवींतून प्रथिन जाऊं लागणें यांच्या मुळाशीं असलेल्या कारणांत या धक्क्यांचाहि वांटा असतो.

हा ताठरपणा मोजतां येतो, आणि मोजण्याची रीत मोठी मौजेची आहे. वैद्य मनगटावर बोटें ठेवून नाडी पाहतात तेव्हां त्यांच्या बोटांस लागतें तें वाहतें रक्त नव्हे, तर धमनीच्या भिंतीवरून धांवणारी लाट होय. रक्त महाधमनींत सरासरीनें सेकंदास वीतभर सरकतें; लाट मात्र त्याच सेकंदांत कित्येक मीटर पल्ला गांठते. सैल दोरीपेक्षां ताणलेल्या तारेवरून लाट लवकर जाते, तसेंच हें. टॉमस यंग या विद्वानानें १८०८ सालीं या लाटेचा आणि भिंतीच्या लवचिकपणाचा संबंध उलगडून दाखविला. आज गळ्याजवळ एक व जांघेजवळ एक अशी दोन ठिकाणीं नाडी टिपून मधल्या अंतरावरून वेग काढतात. निरोगी तरुणांत तो सेकंदास सुमारें ६ मीटर असतो. १० मीटरांच्या वर गेला तर युरोपांतील तज्ज्ञ तो धोक्याचा मानतात. (नाडी पाहून साखरेचा आंकडा सांगणारेहि महाभाग भेटतात. त्यांच्याशीं वाद घालण्याचें हें स्थळ नव्हे. साखर रक्त तपासूनच कळते.)

आतां साखरेकडे वळूं. बासुंदीसाठीं दूध मंद आंचेवर आटत असतां साखर घालण्यापूर्वींच त्यास बदामी छटा येते, हें आमच्या भगिनींस ठाऊक आहे. लोणी कढवितांना तळाची बेरी तांबूस होते. तव्यावरील पोळीस डाग पडतात. हे सर्व एकाच क्रियेचे प्रकार होत. दुधांतील असो वा पिठांतील असो, साखर आणि प्रथिन एकत्र तापलीं कीं एकमेकांस जोडलीं जातात व तपकिरी पदार्थ तयार होतात. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, आणि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाते. चुलीवर जें घटकाभरांत घडतें तेंच आपल्या शरीरांत ३७ अंशांवर, अत्यंत संथपणें, वर्षानुवर्षें चाललेलें असतें. रक्तांत साखर जितकी अधिक, आणि प्रथिन जितकें दीर्घायुषी, तितकी ही जोडणी अधिक.

याचा पुरावा मधुमेही मनुष्याच्या प्रत्येक कागदावर असतो. सॅम्युएल राहबर या इराणी संशोधकास १९६८ सालीं तेहरान येथें मधुमेही रोग्यांच्या रक्तांत एक निराळ्या धर्तीचें हीमोग्लोबिन आढळलें. तें साखर चिकटलेलें हीमोग्लोबिन होतें, आणि आज 'एचबीए१सी' या नांवानें जी तपासणी घरोघर माहीत झाली आहे ती त्याचीच. परंतु रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते व आपला हिशेब घेऊन नाहींशी होते. म्हणून ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांपुरतेंच बोलते. महाधमनीच्या भिंतीची गोष्ट तशी नाहीं. तिला लवचिकपणा देणारे इलॅस्टिनाचे तंतु बहुतेक सर्व जन्मापूर्वीं व बालपणींच विणले जातात. पुढें शरीर ते नव्यानें फारसे विणीत नाहीं. बळकटी देणारे कोलॅजनाचे तंतु बदलतात, पण अत्यंत सावकाश. या तंतूंना साखर चिकटली कीं आरंभीं ती जोडणी सुटण्यासारखी असते; कालांतरानें तिचीं रूपांतरें होऊन शेजारच्या दोन तंतूंमध्यें कायमची गांठ बसते. पूर्वीं धोतरास खळ देत तसेंच हें. फरक इतकाच कीं ही खळ धुतली जात नाहीं. अशा गांठी तोडणारें एक औषध शोधण्यांत आलें होतें, आणि २००१ सालीं त्यानें वृद्धांच्या धमन्या कांहींशा सैल झाल्याचें प्रसिद्धहि झालें होतें. पण तें औषध बाजारांत कांहीं आलें नाहीं.

सर्वच ताठरपणा मात्र असा कायमचा नसतो, आणि आशेला जागा आहे ती येथेंच. धमनीच्या आंतील बाजूस पेशींचें एक पातळ अस्तर असतें. त्यांतून नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु क्षणोक्षणीं पाझरतो आणि भिंतींतील स्नायूंस सैल ठेवतो. या शोधाबद्दल १९९८ सालीं तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. जेवणानंतर रक्तांतील साखर एकदम चढली कीं हें अस्तर कांहीं काळ मंदावतें व भिंत आवळली जाते. साखर उतरली कीं पूर्ववत् होते. हा भाग तासातासांचा आहे, आपल्या हातचा आहे. उलट पक्षीं, कित्येक वर्षांच्या मधुमेहांत धमनीच्या मधल्या थरांत चुना सांचतो, ज्याचें वर्णन म्योंकेबर्ग या जर्मन पंडितानें १९०३ सालीं केलें होतें. मग पायाची धमनी इतकी कडक होते कीं घोट्यावर पट्टा बांधून दाब मोजूं गेलें तर नळी दबतच नाहीं, आणि आंकडा खोटाच मोठा येतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य आहे. धमन्या ताठ करण्यांत पहिला मान वयाचा व रक्तदाबाचा. साखर त्यांच्या मागोमाग येते. साखर नसलेल्या माणसाच्याहि धमन्या ऐंशीव्या वर्षीं विशीसारख्या नसतातच. साखर करिते तें एवढेंच कीं, जें पंचाहत्तरीस यावयाचें तें साठीस आणून ठेवते. पण एवढेंच हेंहि कांहीं थोडें नव्हे.

आणि हें ती केव्हांपासून करूं लागते? सर्वसाधारण समज असा कीं, मधुमेह 'लागला' म्हणजे मग त्रास सुरू. तोंवर 'थोडी साखर' ही एक प्रकारची मोकळीकच. हॉलंडांतील होर्न गांवीं पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या नागरिकांची एक पाहणी १९८९ सालीं सुरू झाली. तींतील कांहीं मंडळींच्या धमन्यांची परीक्षा करून २००३ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो या समजास धरून नाहीं. साखर पचविण्याची शक्ति जसजशी उतरते तसतसा धमन्यांचा ताठरपणा चढतो, आणि जे अद्याप मधुमेही नाहींत, केवळ सीमेवर आहेत, त्यांच्यांतहि तो वाढलेला असतो, असें तींत दिसलें. सीमा म्हणजे उपाशीपोटीं १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४. मामंजींचीं बारा-तेरा वर्षें याच पट्ट्यांत गेलीं आहेत.

इंग्लंडांत १९७७ ते १९९७ या काळांत नव्यानें मधुमेह निघालेल्या हजारों रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. एका गटाची साखर कसोशीनें आटोक्यांत ठेवण्यांत आली, दुसऱ्याची नेहमींच्या रीतीनें. प्रयोग संपल्यावर एका वर्षांतच दोन्ही गटांची साखर सारखी झाली. असें असूनहि दहा वर्षांनंतर, २००८ सालीं, हिशेब केला तेव्हां पहिल्या गटांत हृदयविकाराचे झटके व मृत्यु कमी भरले. सुरुवातीच्या वर्षांचें शरीरानें जणूं स्मरण ठेविलें होतें. तें कोठें ठेविलें, याचें एक उत्तर वर सांगितलेल्या गांठींत सांपडतें. याच्या उलट बाजूचाहि अनुभव त्याच २००८ सालचा आहे. अमेरिका व कॅनडा येथें उतारवयांतील, बऱ्याच वर्षांच्या मधुमेही लोकांची साखर औषधांनीं फार खालीं उतरविण्याचा प्रयोग चालू होता. त्यांत मृत्यु वाढलेले दिसले म्हणून तो मध्येंच थांबवावा लागला. तेव्हां मामंजींची साखर आतां एका महिन्यांत खालीं आणूं, असा उत्साह घरांतील कोणीं दाखवूं नये.

सडपातळ माणसास साखर कशी, असा प्रश्न पत्रांत आहे. त्याचें उत्तर पुण्यांतच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आपलें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें असें एक जोडछायाचित्र प्रसिद्ध केलें. वजन-उंचीचें प्रमाण दोघांचेंहि २२.३, दिसावयास दोघेहि सारखेच सडसडीत. शरीरांतील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! बाहेरून बारीक व आंतून लठ्ठ असा हा आपल्याकडील देह आहे, आणि पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या मुलांतहि याज्ञिकांस तोच प्रकार दिसला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें देशांत मधुमेही १० कोटींवर व सीमेवरचे १३ कोटींवर आहेत. ते सारे पोट सुटलेले असतील, अशा भ्रमांत कोणीं राहूं नये.

स्वयंपाकघराविषयीं थोडें. आमच्या घरांतून उपवासाच्या दिवशीं साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व वर दोन केळीं असा बेत असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. रक्ताच्या दृष्टीनें ही एकादशी नसून द्वादशीचें पारणेंच होय. साखर सोडून गुळाचा चहा घेणारेहि पुष्कळ. गुळांत बहुतांश साखरच असते. जेवतांना कोशिंबीर, भाजी, उसळ आधीं व भात-पोळी मागून घेतली तर साखर कमी चढते, असें प्रयोगांनीं दिसलें आहे. पहिला वरणभात तूप-लिंबासह झाल्याशिवाय ज्यांस जेवल्यासारखें वाटत नाहीं त्यांच्या गळीं हें उतरविणें कठीण आहे, हें आम्ही अनुभवानें जाणतों. शतपावलीचें मात्र तसें नाहीं. ती आपलीच आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटें चालल्यास पायांचे स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात व तिचा चढ बोथट होतो. मामंजी सकाळीं टेकडीवर जातात हें उत्तमच. पण त्यांनीं रात्रीं जेवणानंतर अंगणांतहि फेऱ्या घालाव्या. लोणचें-पापड कमी करण्याची सूचना वरच्या आंकड्यासाठीं आहे, आणि ती सर्वांत अप्रिय ठरेल.

आतां भगिनींस उत्तर. आपल्या डॉक्टरांची आठी योग्य आहे, आणि वरच्या आंकड्यास औषध द्यावें कीं नाहीं हें त्यांसच ठरवूं द्यावें. खालचा आधींच उतरलेला असल्यामुळें तें काम नाजूक आहे. त्यांच्याकडे जातांना मागील बारा-तेरा वर्षांचे कागद तारीखवार लावून न्यावे. एका कोऱ्या कागदावर वर्ष, साखर, वरचा, खालचा आणि दोहोंमधील अंतर असे पांच रकाने आखून आंकडे भरले, तर डॉक्टरांचा वेळ वांचेल व घरांतील वादहि बहुधा तेथेंच मिटेल. रक्तदाब बसून घ्यावा आणि उभें राहिल्यावर एक व तीन मिनिटांनीं पुन्हां घ्यावा. ताठ धमन्यांच्या मनुष्यास उठतांना भोंवळ येण्याचा संभव असतो, आणि औषध सुरू झाल्यावर हें अधिक पाहावें लागतें. लघवींतील प्रथिन व डोळ्यांचा पडदा यांची तपासणी झाली नसल्यास करून घ्यावी.

आणखी एक. "खालचाच आंकडा खरा" म्हणणाऱ्या थोरल्या दिरांचें वय बाईंनीं कळविलेलें नाहीं. मामंजी ६८ चे, त्या अर्थीं ते चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असावेत. वडिलांचा बांधा त्यांनींहि घेतला असल्यास नवल नाहीं. त्यांची उपाशीपोटींची साखर व एचबीए१सी या महिन्यांतच तपासून घ्यावी, आणि वरील कागदाच्या पाठीमागें त्यांच्या नांवाचेहि रकाने आखून ठेवावे.